अर्धा र

"काकू, फक्त ऐकून घ्या. समजून घेऊ नका."

असं म्हणत ती जिन्यावरून खाली यायची. एका हातावर उघडा लॅपटॉप, पूजेचं ताट धरावं तसा तोललेला. दुसऱ्या हातात चार्जरची वायर. माझ्या व्हरांड्यातल्या दिवाणावर मांडी घालून बसली की पहिल्या ओळीपासून वाचायला लागायची. मी समोर मेथी निवडत असायची. ती वाचायची, प्रत्येक ओळ काय करते ते सांगायची, आणि मी "हं" म्हणायची. मध्येच कुठेतरी ती थांबायची. डोळे बारीक करायची. "अगं बाई," असं स्वतःलाच म्हणून उठायची आणि वर पळायची. चहा तसाच राहायचा.

तुम्ही दोघं नातवंडंही तिकडे दिवसभर हेच प्रोग्रॅम लिहायचं काम करता, आणि मी फोनवर काही विचारलं की "आजी, तुला नाही कळणार" म्हणून हवामानाकडे वळता. हिनं मला न समजण्याचंच काम दिलं होतं. ते मी चोख केलं, म्हणून हिच्याबद्दल लिहायचा मला हक्क आहे.

ती आमच्या सिंदी मेघेच्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आली. नवरा सावंगीला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला, सकाळी डबा घेऊन जाणारा, अबोल. हिचं माहेर आर्वीकडचं, शेतीवाल्यांचं. नागपूरच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. सुरुवातीचे काही दिवस मला वाटायचं, वर एखादं मूल आहे. कारण दुपारी आवाज यायचा, "काऊन रे बापू? काऊन असा करून राह्यला? काय दुखून राह्यलं तुले?"

आता वर्ध्यात बापू म्हटलं की माणसं एकाच दिशेला बघतात. मी तिला विचारलं, "अगं, तू रोज कोणाकडे गाऱ्हाणं मांडतेस?"

ती खूप हसली. "नाई हो काकू, थो माहा प्रोग्रॅम आहे. रागावलं तर माहंच डोकं फिरते. बापू म्हटलं की जरा शांत राहतो."

"प्रोग्रॅम शांत राहतो?"

"मी राह्यतो."

चुका तिच्या पुष्कळ व्हायच्या, आणि ती त्या लपवत नसे. एकदा सकाळभर काहीतरी दुरुस्त करत होती आणि काहीच सुधारत नव्हतं. खाली येऊन वाचायला लागली, तर कळलं की ती दुरुस्त करत होती एका फाइलमध्ये आणि चालवत होती दुसरीच, जुनी. "म्हणजे पाहा काकू, शेजारणीच्या लेकराले औषध पाजून राह्यली आणि माह्याचा ताप काऊन उतरत नाई म्हणून रडून राह्यली."

दुसऱ्या एका दिवशी बरोबरच्या चिन्हावरून घोटाळा झाला. तिनं मला समजावलं, मी समजून घ्यायचं नव्हतं तरी. ते चिन्ह एकदा काढलं तर अर्थ होतो, हे असं कर. दोनदा काढलं तर अर्थ होतो, हे असं आहे का? "विचारायच्या जागी मी हुकूम देऊन राह्यली होती. मंग मशीन कायले नाई म्हणते? हो म्हणून मोकळी."

"तुझ्या काकांची आयुष्यभर हीच चूक होती," मी म्हटलं. ती इतकी हसली की लॅपटॉप मेथीत पडता पडता वाचला.

तिची शिस्त मात्र मला आवडायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चालवून पाहायचं, मगच दुसरी. मी म्हटलं, दोन-तीन एकदम बदलून टाक, लवकर होईल. ती म्हणाली, "भाजी खारट झाली आणि तुम्ही पाणी बी घातलं, बटाटा बी टाकला, तर कशानं सुधरली ते कसं कळन? अन् पुढच्या खेपेले काय कराल?" आणि काम झालं का विचारलं, तर कधी "झालं" म्हणत नसे. म्हणायची, "सध्या तरी चालून राह्यलं."

आमच्या वस्तीत एक धर्मादाय दवाखाना आहे. तिथे पूर्वी पेशंटची कार्डं चपलांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये ठेवलेली असायची. हिनं स्वतःहून त्यांना संगणकावर सगळी सोय करून दिली. पेशंटचं नाव लिहिलं की त्याचा सगळा इतिहास समोर यावा, आणि ज्याला एखादं औषध सोसत नाही त्याच्या नावापुढे ते औषध लाल अक्षरांत दिसावं. कंपनीच्या कामाबद्दल ती फारसं बोलत नसे. पण हे लाल अक्षर पहिल्यांदा पडद्यावर उमटलं, तेव्हा मला हात धरून दाखवायला घेऊन गेली होती.

त्या दवाखान्यात रेवाबाई वऱ्हाडे यायच्या. मूळच्या नाचणगावच्या. पायाला मधुमेहाची जखम होती, म्हणून आमच्या गल्लीत लेकीकडे राहून मलमपट्टी करून घेत होत्या. वर्षापूर्वी त्यांना पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं होतं, तेव्हा तोंड सुजून श्वास कोंडला होता. ते हिच्या यंत्रात नोंदवलेलं होतं.

एके दिवशी जखम चिघळली म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून दिलं. खिडकीवरच्या नव्या ताईंनी पडद्यावर रेवाबाईंचं नाव काढलं. लाल अक्षर नव्हतं. नर्सनं सुई भरली. रेवाबाईंनीच तिचा हात धरला. "हे तेच तर नाई नं व, ज्यानं माहं तोंड भोपळ्यासारखं झालतं?" नर्सनं बाटली पाहिली. तेच होतं.

काही झालं नाही. पण रेवाबाई त्याच संध्याकाळी लेकीशी भांडून नाचणगावला निघून गेल्या. पुन्हा या दवाखान्याची पायरी चढणार नाही म्हणाल्या. उघडी जखम घेऊन, मधुमेहाची बाई. नाचणगावात त्या जखमेवर हळद भरत होत्या, असं लेक रडत सांगत होती.

हिनं ते ऐकलं. दवाखान्याला निरोप पाठवला की मी सांगेपर्यंत यंत्र वापरू नका, खोकी बाहेर काढा. वरून "बापू" ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी खाली आली ती लॅपटॉप न घेता.

"काकू, मले हे काम येत नाई बहुतेक."

"सापडलं का काय झालं ते?"

"मी नाव शोधलं की लाल अक्षर येते. तेच नाव ताईनं शोधलं तर येत नाई. सगळे म्हणतात ताईनं चुकीचं लिहिलं असन. नाई लिहिलं. मी पाह्यलं ना. अक्षर न् अक्षर बरोबर हाय. पडद्यावर दोन रेवाबाई आहेत, दोन्ही सारख्या. एकीले लाल अक्षर आहे, एकीले नाई."

"मग लॅपटॉप आण आणि वाच," मी म्हटलं. "मी बसले आहे."

ती आणायला तयार नव्हती. शेवटी आणला. वाचायला लागली, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मी भाजी बाजूला ठेवली होती. सगळं वाचून झालं. ती थांबली नाही, डोळे बारीक केले नाहीत. मग नुसती ती दोन नावं वाचू लागली, लहान मूल वाचतं तसं, एकेक अक्षर सोडवून. "व. मग अर्धा र. मग हा…"

आणि थांबली.

"काकू, तुम्ही मोबाइलवर अर्धा र कसा काढता?"

मी दाखवलं. र वर बोट दाबून धरलं की खाली टिंब असलेला वेगळा ऱ येतो, तो घ्यायचा आणि हलन्त द्यायचा, म्हणजे त्याचा पाय मोडायचा. मग ह.

"अन् दवाखान्यातल्या त्या जुन्या कीबोर्डावर?"

ते मला कुठून माहीत असणार! ती चप्पल न घालताच दवाखान्यात गेली. परत आली तेव्हा मला म्हणाली, समजून घ्या, आज समजून घ्याच.

तर ते असं होतं. पहिल्या वेळी दवाखान्यात नाव लिहिलं गेलं ते जुन्या कीबोर्डावर. तिथे साधाच र लिहून, पाय मोडून, मध्ये एक अदृश्य खूण घालावी लागते. नाहीतर र उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ही खूण दिसत नाही, तिला रूप नाही, पण संगणकाच्या लेखी ते एक अक्षरच असतं. नव्या ताईंनी मोबाइलसारखा कीबोर्ड बसवून घेतला होता. त्यांनी वेगळा ऱ वापरला. पडद्यावर दोन्हीकडे तंतोतंत एकच वऱ्हाडे. माणसाच्या डोळ्याला एक बाई, मशीनच्या पोटात दोन. जुनी सापडेना, म्हणून ताईंनी नवी रेवाबाई नोंदवली, आणि लाल अक्षर राहिलं जुनीकडे. तिनं मशीनला दोन्ही नावांची अक्षरं मोजायला लावली, तर एकात एक जास्त निघालं.

"आख्ख्या जगानं लिहिलेले प्रोग्रॅम वाचले मी," ती म्हणाली, "अन् माह्या वऱ्हाडाच्या नावानं पाय मोडला."

तुम्ही म्हणाल, ही तर सोपी दुरुस्ती. शोधण्याआधी दोन्ही तऱ्हेचे अर्धे र एकसारखे करून घ्यायचे. तिनं ते केलंच. कऱ्हाडे, गोऱ्हे, सगळी नावं घालून पाहिली. पण दोन रेवाबाईंची एक मात्र तिनं मशीनला करू दिली नाही. "खरंच दोन असल्या तर? विचारल्याशिवाय नाई करत."

म्हणून आम्ही दोघी एसटीनं पुलगावला आणि तिथून ऑटोनं नाचणगावला गेलो. रेवाबाई अंगणात बाजेवर पाय वर करून बसल्या होत्या. पायाला फडकं गुंडाळलेलं, आणि वास येत होता.

ही त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. सगळं सांगितलं, काही न लपवता. दोन्ही नोंदी त्यांच्याच का तेही विचारलं; रेवाबाईंनी मान हलवली.

"म्हंजे माह्या नावात खोट निघाली म्हणतं?"

"नावात नाई आजी. माह्यात निघाली. तुमचं नाव बराबर हाय."

"सासऱ्याचं नाव हाय ते. बराबरच असन." मग त्या म्हणाल्या, "मंग आता दुरुस्त केलं?"

"केलं."

"पक्कं?"

मी मनात म्हटलं, पोरी, आज तरी हो म्हण. ती फडक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जेवढं मले दिसलं, तेवढं पक्कं. अजून काही असन तर मले ठाऊक नाई. म्हणून तुमी विचारत जा आजी. दर खेपेले विचारा. मशीननं नाई वाचवलं तुमाले. तुमी विचारलं म्हणून वाचल्या."

रेवाबाईंनी पाय बाजेवरून खाली घेतला. "लय खरी हायस व," त्या म्हणाल्या. "असं दुकान चालत नाई." आणि मग सुनेला हाक मारून म्हणाल्या, "माही पिशवी भर. इच्यासंग जातो मी."

परतीच्या एसटीत दोघी एका सीटवर बसल्या होत्या. ही त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेऊन बसली होती, खड्ड्यांचा धक्का लागू नये म्हणून. मी मागच्या सीटवरून बघत होते. फडक्याचा डाग तिच्या ओढणीला लागला होता. तिनं तो पाहिला असेल, पण पाय हलवला नाही.

जखम भरायला बरेच महिने लागले. भरली. एक बोट गेलं, पाय राहिला.

मग तिच्या नवऱ्याला हैदराबादेला चांगली नोकरी लागली. जाण्याआधी तिनं दवाखान्यातल्या ताईंना सगळं शिकवलं, चूक झाली तर कुठून शोधायला सुरुवात करायची तेही. सामानाचा टेम्पो गेला, आणि ती वाकून नमस्कार करून म्हणाली, "येतो काकू." मी "येजो" म्हटलं. आमच्याकडे यापेक्षा जास्त बोलत नाहीत. आता वर एक बँकेतलं जोडपं राहतं. फार सभ्य आहेत. त्यांचा काही आवाजच येत नाही.

गेल्या आठवड्यात मी रक्तदाब दाखवायला दवाखान्यात गेले होते. माझ्या आधी रेवाबाईंचा नंबर होता. त्या काठी टेकत खिडकीशी गेल्या. ताईंनी नाव लिहिलं, आणि काही न विचारता पडदा फिरवून त्यांच्याकडे केला. रेवाबाईंना वाचता येत नाही. तरी त्या वाकल्या, पदरानं चष्मा पुसला, आणि मागे रांग खोळंबलेली असताना पडद्याकडे नीट, सावकाश पाहून घेतलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच हाय. आता बाटली दाखव."