कोंडीरामांनी लिहिलेल्या दोन ओळी

पुसदहून आलेले कोंडीराम भोसरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं हत्यारांच्या खोलीवर होते. कामगारानं खिडकीतून चिठ्ठी द्यायची, कोंडीरामांनी आतून हत्यार आणून द्यायचं. आत पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. निवृत्त झाल्यावर ते आणि बायको मुक्ताई येरवड्यात लेकीकडे राहायला आले.

लेक राजनंदिनी सॉफ्टवेअर कंपनीत. परवाच्या रविवारी सकाळी ती लॅपटॉपपुढे वैतागून बसली होती. बसच्या प्रवाशांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं एआय तिच्या गटानं तयार केलं होतं. त्याला दोन साधनं दिली होती: एक वेळापत्रकाचं, दुसरं गाडीचा ठावठिकाणा सांगणारं.

"आई स्वारगेटहून साडेसातच्या सोलापूर गाडीत बसली ना? ती गाडी आत्ता कुठं आहे विचारलं, तर हा सुटायची वेळ सांगतोय!"

"पण त्याला गाडी दिसते कुठून?"

"दिसत नाही, बाबा. त्याला फक्त लिहिता येतं. कोणतं साधन हवं ते लिहून तो थांबतो. आमचा प्रोग्राम ते चालवतो, आलेलं उत्तर त्याच्यापुढे ठेवतो. ते वाचून हा पुढे बोलतो."

कोंडीरामांनी खुर्ची ओढली. "म्हणजे आत जायचं नाही, चिठ्ठी द्यायची. मग आत काय काय आहे, हे त्याला कसं कळतं?"

तिनं यादी दाखवली. दोन्ही साधनांपुढे एकच वाक्य होतं: बसची माहिती देते.

"अगं, अशी यादी मी लावली असती तर पोरांनी मला खिडकीतून बाहेर ओढलं असतं! कशासाठी आहे ते लिही, कशासाठी नाही तेही लिही."

मग त्यांनीच पेन घेतलं. वेळापत्रकाच्या साधनापुढे लिहिलं: 'सुटायची वेळ आणि गाडीचा नंबर मिळतो. गाडी आत्ता कुठं आहे ते मिळत नाही.' दुसऱ्यापुढे: 'गाडी आत्ता कुठं आहे ते सांगते; गाडीचा नंबर द्यावा लागतो.'

राजनंदिनीनं त्या ओळी टाकून तोच प्रश्न विचारला. मागणी पुन्हा वेळापत्रकाकडेच गेली.

"झालं! परत तेच."

"थांब जरा," कोंडीराम म्हणाले.

वेळापत्रकातून नंबर आला. तो घेऊन यंत्रानं आपणहून दुसरी मागणी लिहिली, दुसऱ्या साधनाकडे. उत्तर आलं: गाडी भिगवणच्या थोडी पुढे आहे.

"आधी नंबर घे, मग तो तिकडे दे, हे त्याला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. तुमच्या ओळी वाचून त्यानंच ठरवलं."

कोंडीरामांनी मुक्ताईंना फोन लावला. "कुठवर पोचलीस?"

"आत्ताच भिगवण गेलं. का हो?"

फोन कानाशी तसाच, नजर पडद्यावरच्या त्या दुसऱ्या मागणीवर.

"नंदे," ते हलक्या आवाजात म्हणाले, "अजून एकदा विचार. सावकाश. मला नीट बघू दे."