शेजारीण कोणास म्हणावे, याबाबत

तक्रारदार : मी स्वतः, धुळ्यास कचेरीबाहेर अर्ज लिहिणारा, शिक्षण नववीपर्यंत, अनुभव अमर्याद. विरुद्ध पक्ष : आमच्या चर्चची पंचकमिटी. तारीख : नाताळापूर्वीचा रविवार. साक्षीदार : चर्चची पायरी.

त्या दिवशी पाळकांनी शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी असा उपदेश केला की कमिटीचे डोळे पाणावले. ते पुसून झाल्यावर कमिटीने मला बाजूस घेतले. पायरीवर झोपणाऱ्या साक्रीकडच्या बेघर अक्कांना हटवण्याचा अर्ज महापालिकेस लिहावयाचा होता. नाताळास पाहुणे येणार, शोभा जात होती. मी नुकत्याच ऐकलेल्या उपदेशाची आठवण दिली.

सेक्रेटरी म्हणाले, "भाऊ, ज्याचे घर आपल्या घराला लागून, तो शेजारी. हिला घरच नाही, मग ही शेजारीण कुठली?"

अक्का पायरीवरूनच म्हणाल्या, "भाऊ, हाई देवनं घर शे ना? मंग मी बेघर कशी?"

मी अर्ज लिहिला. आमच्या धंद्यात नावापुढे 'राहणार' घालावेच लागते, म्हणून अक्कांच्याही घातले : राहणार चर्चची पायरी, धुळे. कमिटीने न वाचता सह्या केल्या. मग मी तो खणखणीत वाचला आणि म्हणालो, "आपल्याच सहीने बाई येथील रहिवासी, सबब आपली शेजारीण ठरली."

अर्ज तत्काळ फाडण्यात आला. अक्का पायरीवर राहिल्या. आत नाताळच्या देखाव्यातल्या बाळ येशूस मात्र नवी रजई मिळाली.

सबब विनंती की, थंडी सरण्यापूर्वी शेजारणीस दार केव्हा उघडणार, याचे लेखी उत्तर कमिटीने द्यावे.