तात्याकाकांच्या राजीनाम्याचं गाऱ्हाणं

आमच्या गावच्या मंडळाच्या इतिहासात एकच राजीनामा मंजूर झाला, आणि ती कामगिरी माझी.

मंडळ पक्षाचं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत माझ्या तात्याकाकांनी ते तोंडवलीत स्थापन केलं आणि तेव्हापासून अध्यक्षही तेच. (निवडणूक पाच वर्षांतून एकदा, मधल्या काळात समाजकार्य म्हणून कॅरम.) दर वार्षिक सभेत काका 'आता तरुणांनी पुढं यावं' म्हणून राजीनामा देत, सभासद तो नाकारत, काका डोळे पुसत आणि पुन्हा खुर्चीत बसत. त्या खुर्चीवर त्यांचा भारी जीव. राजीनामा देतानासुद्धा ते तिचा हात सोडत नसत.

त्या वर्षी, सभेआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्या दाजींची दाढ सुजली. काका मला म्हणाले, "तू चिटणीस ना? मग तूच घाल गाऱ्हाणा."

मी हात जोडून उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा, आज ही जी सभा भरली आसा, ती नीट पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

माझ्या बोलण्याला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हो म्हणत होतं! मला चेव आला. पावसापाण्याचं, गुराढोरांचं, मुंबईतल्या चाकरमान्यांचं मागून झालं. मागण्यासारखं काही उरेना आणि मला थांबवेना. समोर सभेच्या कामकाजाचा कागद होता. म्हटलं, त्यातलंच घेऊ. मागचा वृत्तांत मंजूर झाला, कॅरमच्या नव्या सोंगट्या मंजूर झाल्या, आणि मी त्याच सुरात पुढची ओळ घेतली.

"तात्यांनी अध्यक्षपदाचो राजीनामो दिलेलो आसा, तो मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज काकांचा होता.

मग काय मंजूर झालं ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. चूक झाली, पुन्हा मतं घेऊ, म्हणून मी विनवण्या केल्या. पण नारळासमोर गेलेला शब्द मागं घ्यायला कुणी धजेना. काकांचे दोघे विरोधकही हवालदिल झाले. काका गेले तर त्यांनी भांडायचं कुणाशी?

"देवान मानल्यान. आता तूच बस," काका म्हणाले आणि छत्री उचलून चालू लागले. त्यांची पाठमोरी आकृती पाहून मला खरंच रडू आलं.

पंधरा दिवसांत काकांनी समोरच्याच पडवीत नवं मंडळ काढलं. सगळे सभासद तिकडं गेले, चिटणिसाच्या जागी दाजींना घेतलं, कॅरमही गेला. जुन्या मंडळात अध्यक्ष म्हणून मी एकटा उरलो. पुढच्या वार्षिक सभेत मी रीतसर माझा राजीनामा मांडला. अनुमोदन द्यायला कुणीच नव्हतं, तेव्हा तो फेटाळला गेला.