हरेशची सोपी वाट

हरेश घरतला घरात बसवत नव्हतं. न्हावा शेव्याच्या बंदरातून कंटेनर भरून ट्रेलर हाकण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दिवाळीनंतर छातीत कळ आली, स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी काही महिने गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. चालायचं मात्र रोज, तेही सपाटीला, दमादमानं. तेव्हापासून तो टीव्ही लावायचा आणि लगेच बंद करायचा. बायको रंजिता भाजी निवडायला बसली की तिच्या पुढ्यातून उगाच ये-जा करायचा.

त्यांची मुलगी भाविका पुण्यात नोकरीला. ती फोनवर म्हणाली, "पप्पा, मी आले की आपण तिघं समुद्रकाठानं चालायला जाऊ. आईचे गुडघे सांभाळून होईल अशी सोपी वाट शोधा. समुद्र दिसला पाहिजे, पक्षी दिसले पाहिजेत."

हरेशला तेवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बसनं निघाला. लहानपणी बापाबरोबर ज्या बांधावरून मिठागरात जायचा, तो बांध आधी आठवला. तिथं आता लोखंडी फाटक होतं. वॉचमननं आत सोडलं नाही. पलीकडं कंटेनरच्या थप्प्या, खाडी कुठं दिसतच नव्हती. "आमचं गाव हाय हे," हरेश म्हणाला. वॉचमन बिचारा परगावचा, त्याला ते काय कळणार.

मग करंजा गावाच्या बाजूला एक वाट पाहिली, ती खडकाळ निघाली. शेवटी उरणच्या पीरवाडीचा किनारा त्याला पसंत पडला. ओहोटीला वाळू घट्ट होते, एका अंगाला झाडं, समोर उघडा समुद्र. पण पसंत पडूनही तो पुन्हा पुन्हा तिथं जाऊन येऊ लागला. बसायला सावली कुठं, पाणी चढलं तर वर यायला जागा कुठं, काही ना काही बघायचं राहिलेलंच असायचं. घरी यायचा तेव्हा सदरा घामानं ओला.

"तुमाला वाट शोधायची हाय का पळायचंय?" रंजितानं विचारलं. "डॉक्टर काय बोलले, इसरलात?"

"सपाटीलाच चालतो मी," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

भाविका आली त्या रविवारी तिघं सकाळीच पीरवाडीला पोचले. हवा मऊ होती. दूरवर जहाजं उभी होती. वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्यांची नक्षी काढून ठेवली होती. भाविका वाकून ती बघायला लागली, तर हरेश ओरडला, "चला चला, भरतीच्या आत परत फिरायचंय." तो पुढं, मायलेकी मागं. तो थांबायचा, हात हलवायचा, त्या जवळ येईपर्यंत पुन्हा चालू लागायचा.

बऱ्याच वेळानं त्यानं वळून पाहिलं तर दोघी दिसेनात. वाळू मोकळी. त्याला रंजिताचे गुडघे आठवले आणि तो पळतच मागं आला. खडकाच्या आडोशाला त्या दोघी निवांत उभ्या होत्या, तोंडं वर.

"पप्पा, समुद्री गरुड! इथूनच मासा उचलला त्यानं. केवढे पंख! तो बघा, गेला."

हरेशला झाडांच्या शेंड्यांमागं काहीच दिसलं नाही. "हाका मारता येत नाय काय? जीव गेला असता माझा!" तो कडाडला. एवढं बोलून त्याचा हात आपसूक छातीवर गेला.

भाविकाचा चेहरा उतरला. रंजितानं त्याला खडकावर बसवलं, पाणी दिलं. "दुखतंय काय?"

"नाय." पाण्याचा घोट घेऊन तो म्हणाला, "दुखत नाय. पण बसलो का सगळं लक्ष हितंच. धडधडतंय का, चुकतंय का. चालत असलो का ऐकू येत नाय. म्हणून येत होतो रोज. अर्ध्या वाटेत पडलो तर तुमच्यासमोर नको, एकटा असतानाच पडू दे, असं वाटायचं."

रंजितानं पदरानं त्याचं कपाळ पुसलं. भाविका त्याच्या शेजारी टेकली. गरुड काही परत आला नाही. चार कुरव पक्षी लाटेच्या कडेला उतरले, पाणी आलं की उडायचे, ओसरलं की पुन्हा उतरायचे. हरेशचे पाय वाळूत हलतच होते, पण तो उठला नाही. दोघींमध्ये तसाच बसून राहिला.

फेस पायांशी आला तेव्हा तिघं निघाले. या खेपेला रंजिताच्या चालीनं.

"उद्या डॉक्टरकडं तू चल माझ्याबरोबर," तो भाविकाला म्हणाला. "मी एकटा गेलो का सगळं बरं हाय म्हणून सांगून येतो."

"मग काय सांगायचं त्यांना?"

"मना भ्या वाटतं, ते सांग," हरेश म्हणाला आणि रंजिताला हात द्यायला थांबला.