आतल्या वेणीची एक वीत

“ओढ सारखी ठेवा, बाकीचं दोरी बघून घेते.”

हे वाक्य तिनं आयुष्यात किती वेळा उच्चारलं असेल, त्याला मोजदाद नाही. बुटांच्या नाड्यांच्या कारखान्यात ती एकतीस वर्षं वेणीच्या यंत्रावर उभी होती. धाग्याच्या सोळा बॉबिनी एकमेकींच्या पुढून-मागून फेर धरायच्या, मधून नाडी वर सरकायची आणि एखाद्या बॉबिनीची ओढ सैल पडली की ते तिला डोळ्यांआधी कानांनी कळायचं. नव्या मुलींना ती हेच एक वाक्य ऐकवायची, म्हणून तिचं नाव पडलं ओढमावशी. निवृत्तीनंतर ते नाव तिच्या मागोमाग घरी आलं. नवऱ्याच्या तोंडीही बसलं, पण ते तिच्या पाठीमागे. समोर तो ‘अगं’च म्हणायचा.

नवरा बसचा कंडक्टर होता. आता बस नव्हती, तिकिटांची पेटी नव्हती, पण चालताना पाय अजून फाकवूनच टाकायचा. जमीन कधी गचका देईल याचा नेम नाही, अशा थाटात. रोज सकाळी दोघं मैदानावर फेऱ्या मारायला जात. तिथंच ते चाबकाचं प्रकरण सुरू झालं.

मैदानाच्या कोपऱ्यात एक निवृत्त कवायत मास्तर चामड्याचा लांब चाबूक फिरवायचे. तो त्यांचा छंद. चाबूक हवेत वळसा घ्यायचा आणि टोकाशी असा कडाडायचा की झाडावरची पाखरं उठायची. एकदा त्यांनी तो बाकावर ठेवला होता. मावशीनं सवयीनं त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “मास्तर, इथं एक पेड चुकलाय.”

“बाई,” मास्तर हसले, “ही बुटाची नाडी नाही.”

आजूबाजूचे चार जण हसले. कंडक्टरही हसला, आणि लगेच आपण चुकलो हे त्याला कळलं.

“नाडीच्याच दोरीचा करून आणते,” ती म्हणाली. “तुम्हीच वाजवा.”

“आणा. सगळ्यांसमोर वाजवतो. वाजला तर माझा खुंटीला.”

“आणि नाही वाजला तर?”

“तर नाडी म्हणून बुटात घालीन!”

झालं. त्या दिवसापासून खिडकीच्या गजाला दोरीचे पेड लटकू लागले. मुठीसाठी लोखंडी सळईचा तुकडा, त्याला जोडून बारीक छर्रे भरलेली पोकळ दोरी, तो गाभा, त्यावर टोकाच्या दोन हात अलीकडे संपणारी बारा पेडांची आतली वेणी, तिच्यावर चिकटपट्टी, आणि त्यावर सोळा पेडांची बाहेरची वेणी. चाबूक टोकाकडे निमुळता व्हावा म्हणून मधेमधे दोन-दोन पेड आत सोडून द्यायचे. ती रोज वीतभर विणायची आणि मग फळीखाली घालून पोळीसारखं लाटायची. आपल्या घरात आता कपडे वाळत घालायला दोरी उरली नाही, असं कंडक्टर शेजाऱ्यांना सांगायचा, पण सांगताना छाती फुगलेली असायची.

आतल्या वेणीची शेवटची वीत उरली आणि तिच्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन निघालं. ती चार दिवस तिकडे गेली. चाबूक वाजवायचा रविवार ठरून गेला होता, दिवस उडत होते. कंडक्टरला स्वस्थ बसवेना. दोन आठवडे त्यानं समोर बसून बघितलं होतं: वरून एक, खालून एक, मग ओढ घ्यायची. त्यानं ती वीत विणली. लाटली. वर पट्टीही गुंडाळली.

ती परत आली तेव्हा त्यानं चाबूक असा पुढे केला, जणू बाळच दाखवतोय.

“तुम्ही?” तिनं पट्टीवरून हात फिरवला. “अहो, तुम्हाला जमलं की!”

आयुष्यभर प्रत्येक नाडी चिमटीत धरून बघणारी ती बाई. त्या दिवशी तिनं पट्टी सोडून बघितलं नाही. आनंद झाला होता. पुढचे तीन आठवडे ती त्याच्यावर बाहेरची वेणी चढवत गेली. काळी आणि तपकिरी, सापाच्या पाठीसारखी.

रविवारच्या आधीच्या गुरुवारी तिनं इमारतीमागच्या मोकळ्या जागेत तो पहिल्यांदा फिरवला. वळसा मुठीतून निघाला, सुरेख पुढे धावला आणि टोकापासून दोन हातांवर कोपरात मुडपल्यासारखा मुडपला. फस्स. आवाज नाही. पुन्हा फिरवला. पुन्हा तिथंच.

तिनं ती जागा चिमटीत धरली. मग घरात येऊन तीन दोऱ्या त्याच्या हातात दिल्या. “कसं ओढलंत, दाखवा.”

कंडक्टर विणू लागला. पेड ओढताना तो दर वेळी डावा अंगठा खाली घालत होता आणि ओढ त्या अंगठ्यावरच झेलत होता.

“तो अंगठा कशाला?”

“कशाला म्हणजे? केसांना ओढ बसू नये म्हणून…” तो थांबला.

मुलगी लहान असताना आईची कारखान्यातली पाळी पहाटेची. शाळेच्या दोन वेण्या बापाच्या वाट्याला. केस ओढले की पोरगी घर डोक्यावर घ्यायची, म्हणून तो अंगठा घालायला शिकला होता. आता मुलीचे केस पिकायला लागले होते, तरी अंगठा आपल्या जागेवरच होता.

मावशीला हसू आलं, पण ते पुरतं ओठांवर आलं नाही. “म्हणजे चाबकाची वेणी घातलीत तुम्ही. रिबीन तेवढी राहिली.”

“अगं, आत कोण बघतंय? मास्तर जोरात फिरवतील, वाजेल.”

“मला माहितीये ना आत काय आहे ते.”

तिनं मूठ गजाला बांधली आणि टोकाकडून बाहेरची वेणी सोडायला घेतली.

रविवारी ती रिकाम्या हातांनी मैदानावर गेली. मास्तर वाटच बघत होते. “काय बाई? नाडी तुटली?”

“एक वीत सैल राहिली. पुढच्या रविवारी.”

“मला वाटलंच होतं!”

लोक पुन्हा हसले. कंडक्टर पुढे सरसावला, “मास्तर, ती वीत मी—” पण तिनं त्याची बाही धरली. “माझ्या यंत्रावरचा माल माझा,” ती हळूच म्हणाली. घरी येईपर्यंत त्याला मान वर करवली नाही.

संध्याकाळी तिनं उकललेली वीत त्याच्यासमोर ठेवली. “आता विणा.”

“मी? परत? तू वीण ना!”

“सुरुवात तुम्ही केलीत. मी बसते इथं.”

ती शेजारी बसली, दोन बोटं दोरीवर ठेवून. अंगठा खाली जायला लागला की ती बोटानं टिचकी मारायची. “केस नाहीत ते. ओढा.” त्यानं ओढलं. तर्जनीला फोड आला, तो फुटला, त्यावर पट्टी बांधून ओढलं. त्या एका विती‍ला दोन संध्याकाळी लागल्या. तिनं एकदा चिमटीत धरून बघितलं, खालपासून वरपर्यंत, आणि मान हलवली. उरलेल्या दिवसांत तिनं बाहेरची वेणी पुन्हा टोकापर्यंत नेली.

पुढच्या रविवारी मास्तरांनी चाबूक हातात घेतला, तोलला, उलटा धरून मुठीवरून डोळा लावून बघितला. पाय रोवले, हात मागे नेला. कंडक्टरची नजर टोकापासून दोन हातांवर खिळली होती. वळसा निघाला, त्या जागेवर आला, अडखळला नाही, पुढे गेला.

काड्!

पाखरं उठली. मास्तरांनी आणखी एकदा वाजवला, मग डाव्या हातानं. मग थोड्या वेगळ्या आवाजात म्हणाले, “बाई, हा माझ्याकडे राहू द्या. काय म्हणाल ते देतो.”

“तुमचा आहे की चामड्याचा. तो पेड तेवढा दुरुस्त करून घ्या.”

तिनं चाबूक त्यांच्या हातातून घेतला, चार वेटोळी केली, खांद्याला अडकवली आणि फेरी अर्धी राहिली होती ती पुरी करायला निघाली. तिला घाई नव्हती. कंडक्टर मास्तरांजवळच थांबला. मैदानाच्या त्या टोकाला ती वळेपर्यंत दोघं म्हातारे तिच्याकडे बघत उभे होते, आणि कंडक्टर तर्जनीवरचा फोडाचा वण अंगठ्यानं चोळत होता.