दक्षिणेची खिडकी

बालीगंजला घर बांधायला काढलं तेव्हा नकाशा मीच आखला, अगदी पुण्याच्या वळणाचा. दक्षिणेची भिंत सबंध बंद. ती यमाची दिशा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

गवंडी मुर्शिदाबादकडचा, साठीचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, मीही नाव विचारलं नाही. प्रत्येक विटेला टिचकी मारून आवाज ऐकायचा, मगच ती लावायचा. दक्षिणेची भिंत कमरेएवढी झाली आणि त्याने थापी खाली ठेवली. खांद्यावरचा गमछा भिजवून पिळला, अर्ध्या भिंतीच्या वर दोन्ही हातांनी ताणून धरला आणि मला मागे उभं केलं. गमछ्यातून गारेगार वारा तोंडावर आला.

"बाबू, यमराज एक बार आएगा, गरमी हर साल आएगी."

मी खिडकी ठेवायला सांगितली.

पुढच्या वैशाखात पुण्याहून आई आली. ती खिडकी पाहून दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी वीज गेली. त्या वर्षांत ती रोजच जायची. पंखा थांबला तशी आई चटई घेऊन खिडकीखाली आडवी झाली. जरा वेळाने डोळे मिटूनच म्हणाली, "एवढ्या मोठ्या भिंतीला एकच का रे ठेवलीस?"