मागच्या पडवीतला चहा

माझ्या शिकवण्याचा मला तेव्हा भलताच गर्व होता, हे आधीच सांगून टाकते. एकोणीसशे पन्नास उलटून चार-पाच वर्षं झाली होती. मुलुंडच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी आणि इंग्रजी शिकवायची. वय सत्तावीस, आणि पाठ्यपुस्तकातले धडे म्हणजे पाणचट वरण असं माझं ठाम मत. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला कौतुकाने सांभाळून घ्यायच्या, त्यामुळे मी आणखीच शेफारले होते.

त्या वर्षी एका मैत्रिणीने मला एक छोटी परदेशी कादंबरी वाचायला दिली, इंग्रजीत आलेली, जेमतेम शंभर पानांची. जमीन मोजणाऱ्या एका माणसाला संसर्गाचा ताप येतो. घरची माणसं त्याला बागेच्या टोकाला असलेल्या खोलीत ठेवतात. तो बरा होतो. पण आता ये असं त्याला कोणी म्हणत नाही, आणि येऊ नको असंही कोणी म्हणत नाही. त्याची लहान मुलगी रोज त्याचं ताट खोलीच्या तिसऱ्या पायरीवर ठेवून जाते. दार सताड उघडं, मधे चाळीस पावलांची बाग, आणि तो माणूस वर्षानुवर्षं तिथेच. बस्स, एवढीच गोष्ट. मी ती एका बैठकीत वाचली आणि दोन दिवस मला काही सुचलं नाही. माणसाचं एकटेपण, तुटलेपण, परकेपण, असले शब्द घोळवत मी घरात हिंडत होते आणि सासूबाईंच्या आमटीत दोनदा मीठ घातलं.

ही गोष्ट मी अकरावीच्या मुलींना शिकवायचीच असं ठरवलं. मोठ्या बाई म्हणाल्या, मॅट्रिकचं वर्ष आहे, पोर्शन राहील. मी म्हटलं, पोर्शन माझा झालेला आहे. मग शनिवारचा शेवटचा तास मिळाला. मी पुस्तक उघडायची आणि इंग्रजी वाचत मराठीत सांगत जायची. चार शनिवार लागले. शेवटच्या दिवशी माझा स्वतःचाच आवाज भरून आला. पुस्तक मिटून मी वर पाहिलं तर मागच्या बाकावर खुसुखुसु चाललेलं.

हसायला काय झालं, असं मी दरडावून विचारलं. एक धीट मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "बाई, हे म्हणजे बाजूला बसल्यासारखंच झालं ना."

सगळा वर्ग फुटला. मी सर्दच झाले. तेव्हा असल्या गोष्टी चारचौघांत बोलायची पद्धत नव्हती. घरात पोरांनी विचारलंच तर आईला कावळा शिवला म्हणून सांगायचं, आणि ते तीन दिवस आईने कोपऱ्यात वेगळ्या गोधडीवर बसायचं. पण एकीने तोंड उघडल्यावर बाकीच्यांना जोरच चढला. ताट कसं सरकवतात, पाणी वरून कसं ओततात, कोणाकडे किती कडक आहे, याची रीतसर चर्चा झाली आणि वर्गाचा निकालही लागला. तो माणूस बरा झाला त्या दिवशी त्याला डोक्यावरून न्हाऊ घालून आत घ्यायला हवं होतं. चौथ्या दिवशी बाईमाणूस न्हाते आणि घरात येते. त्याला कोणी पाणीच तापवून दिलं नाही, मग बिचाऱ्याला कळणार कसं?

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढं मोठं दुःख, आणि या कार्ट्या त्याला न्हाऊ घालून मोकळ्या! मी त्यांना फाडफाड बोलले. खरं सांगायचं तर राग वेगळाच होता. मी स्वतः त्या दिवसांत शाळेत येऊन पस्तीस वह्यांना हात लावायची आणि घरी गेले की मुकाट्याने कोपऱ्यात बसायची. पुस्तक वाचताना ते माझ्या एकदाही मनात आलं नव्हतं.

मी बोलायची थांबले तेव्हा वर्गाची मॉनिटर उभी राहिली. शांत, नीटनेटकी मुलगी. मधल्या सुट्टीत वह्या तपासत मी वर्गातच बसायची, तेव्हा माझा चहा तीच आणून द्यायची. तिने विचारलं, न्हाऊनसुद्धा आत घेतलं नाही तर? मला वाटलं, हीपण चेष्टा करतेय. मी म्हटलं, लिहून आण. सगळ्यांनीच लिहून आणा, या गोष्टीत चूक कोणाची?

सोमवारी निबंध आले. कोणी बायकोला दोष दिला होता, कोणी म्हाताऱ्या बापाला, दोघी-तिघींनी देवाला. मॉनिटरचा निबंध एक पानाचा होता. तिने लिहिलं होतं: "चूक त्या मुलीची आहे. ती रोज तिसऱ्या पायरीपर्यंत जाते. चौथी चढली असती तर तिचे वडील परत आले असते. आमच्या घरी ती मुलगी मी आहे. माझी आई टीबीतून बरी होऊन दीड वर्षापूर्वी सॅनिटोरियममधून आली. डॉक्टरांनी लिहून दिलं आहे की आता भीती नाही. ती मागच्या पडवीत राहते. मी तिचं ताट उंबऱ्यावर ठेवते. सरकारी केंद्रावरून रोज दुधाच्या दोन बाटल्या येतात, एक घरात जाते, एक आईजवळ. आईची रिकामी बाटली मी दुसऱ्या दिवशी केंद्रावर परत देते. ती धुऊन भरून कोणाच्याही घरी जाते. बाटलीला चालतं."

मी तो कागद हातात धरून स्टाफरूममध्ये बसून राहिले. दीड वर्ष ही मुलगी माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसत होती, आणि मी परदेशातल्या एका कागदी माणसासाठी गळा काढत होते. मग मला संताप आला, आणि संताप आला की मी गप्प बसणारी नाही. त्या बाईला घरात आणायचंच, असं मी ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेले. बैठ्या घरातल्या दोन खोल्या, मागे पत्र्याची पडवी आणि छोटं अंगण. तिचे वडील फोर्टात कुठल्याशा ऑफिसात होते. मी त्यांना राक्षस समजून गेले होते, निघाले साधे, दमलेले, मऊ बोलणारे गृहस्थ. डॉक्टरांचा कागद त्यांनी आपणहून काढून दाखवला. म्हणाले, कागद बरोबरच असणार, पण घरात दोन लहान मुलगे आहेत. पहिले दोन महिने सांभाळावं म्हटलं, मग तीच सवय झाली. मी विचारलं, तुम्ही त्यांना आत बोलावलंत का कधी? ते जरा गोंधळले.

"तिला येऊ नको असं कोणीच म्हटलेलं नाही," ते म्हणाले.

पुस्तकातलंच वाक्य, आणि पुस्तक या माणसाने पाहिलेलंही नव्हतं. मी उठले आणि सरळ मागे पडवीत गेले.

तिथे एक बाई खाटेवर बसून आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र वाचत होती. मला पाहून ती इतकी हरखली की काय सांगू. मुलीकडून तिने माझं सगळं ऐकलेलं. मी कशी शिकवते, कोणती लुगडी नेसते, सगळं. दीड वर्षात पडवीत येऊन बसलेली मी पहिलीच, असं तिने हसत सांगितलं. मग तिने तिचा स्टो पेटवला. फळीवरून एक नवाकोरा कप काढला, पदराने पुसला. एक कप माझा, म्हणाली, आणि हा पाहुण्यांचा, अजून कोणी वापरलाच नाही. चहा गाळून तिने तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

मी त्या कपाकडे पाहिलं. डॉक्टरांचा कागद मी पाच मिनिटांपूर्वी वाचला होता. कप कोरा होता, चहा उकळलेला होता. आणि माझा हात काही उठेना.

"मी चहा घेत नाही," मी म्हटलं.

मुलगी उंबऱ्याच्या आत उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. आईला बिचारीला काहीच कळलं नाही. ती म्हणाली, असू दे हो, काही जणांना सोसत नाही. तिने कप खाली ठेवायला वाकावं तेवढ्यात मुलगी उंबरा ओलांडून बाहेर आली, आईच्या हातातला कप घेतला आणि उभ्याउभ्या प्यायला लागली.

आई किंचाळलीच. अगं, काय केलंस हे, धाकटे आहेत घरात, ओत ते, चूळ भर! वडील दारात आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते हळूच म्हणाले, आता तुलाही आत येता येणार नाही.

"बरं," मुलगी म्हणाली आणि खाटेवर आईशेजारी बसली.

आई माझ्या विनवण्या करायला लागली. बाई, तुम्ही समजवा हिला, तुमचं ऐकते, मॅट्रिकचं वर्ष आहे हिचं. मी कपासाठी हात पुढे केला. निदान एक घोट घ्यावा, एवढंच डोक्यात होतं. मुलीने कप अलगद बाजूला घेतला.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "तुम्ही घेत नाही ना."

मी घरी कशी पोचले मला आठवत नाही. पुढचे अकरा दिवस ती पडवीतच राहिली. तिथेच जेवली, तिथेच अभ्यास केला, तिथून वेळेवर शाळेत आली आणि बाकीच्या मुलींत बसली. बाराव्या दिवशी वडिलांनी दोघींची पानं आत मांडली आणि स्वतः पडवीत जाऊन बोलावून आणलं. त्या घरात नंतर कोणी आजारी पडलं नाही. हे तिने मला सांगितलं नाही. वडील शाळेत येऊन मोठ्या बाईंना सांगून गेले, आणि जाताना माझे आभार मानून गेले.

मग काय, बक्षीससमारंभात मोठ्या बाईंनी नाव न घेता ती हकीकत भर सभेत सांगितली. चांगली शिक्षिका एका पुस्तकाने एक घर कसं बदलू शकते, असं म्हणून त्यांनी मला व्यासपीठावर उभं केलं. मी एका वाक्यात खरं सांगू शकले असते. पण तोंडच उघडलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं होऊन मी खाली पाहत होते. वर पाहिलं तेव्हा पहिल्या रांगेत ती मुलगी बसलेली दिसली, शेजारी धुवट लुगड्यातली तिची आई. आई डोळे पुसत होती. आणि मुलगी, सगळं माहीत असलेली ती एकटी, माझ्याकडे बघत बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.